पोटाची साक्ष

वॉरन हेस्टिंग्ज हिंदुस्थानात गव्हर्नर-जनरल असताना काशी येथे अली इब्राहीम खान नावाचे मुख्य न्यायाधीश होते. हिंदू समाजात परंपरेने चालत आलेल्या दिव्यांची त्यांनी बारकाईने माहिती जमविली होती. त्यांचा तो लेख कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १७८८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पहिल्याच ग्रंथात छापला. त्यात तुळा, अग्नी, जल, विष अशी नऊ प्रकारची दिव्ये वर्णिली असून एक दिव्य तांदळाचे आहे. चोरीचा संशय ज्यांच्यावर असेल त्यांना मंतरलेले तांदूळ चावावयास द्यावयाचे आणि नंतर ते पिंपळाच्या पानावर किंवा भूर्जपत्रावर थुंकावयास सांगावयाचे. ज्याच्या तोंडातून तांदूळ कोरडे पडतील किंवा ज्याच्या तांदळाला रक्त लागलेले दिसेल, तो चोर.

हे तंडुलदिव्य फार जुने आहे. स्मृतिकारांनीही ते सांगितले असून थुंकीत रक्त येणे आणि अंग थरथर कापणे ही अपराधाची लक्षणे म्हणून दिली आहेत. देवतेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तर ह्या विधीच्या मुळाशी एक अचूक निरीक्षण होते असे म्हणावे लागते. भ्यालेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते. लाळ सुटली नाही म्हणजे कच्च्या तांदळाचा लगदा होत नाही, उलट त्याच्या कणा हिरड्यांना टोचतात आणि रक्त येते. मनात काय चालले आहे ते माणसाने कितीही लपविले, तरी शरीर ते उघडे करते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. चूक होती ती पुढच्या पायरीवर. कोरड्या तोंडावरून भीती सिद्ध होते. अपराध सिद्ध होत नाही. गावासमोर उभा केलेला निरपराध गरीब मनुष्य सराईत चोराहून अधिक भ्याला असेल, आणि त्याचेच तांदूळ कोरडे पडले असतील. अशी किती माणसे ह्या दिव्यात बुडाली, ह्याचा हिशेब कोणत्याच दप्तरात सापडावयाचा नाही.

निरीक्षण खरे आणि त्यावरून काढलेला निवाडा खोटा, ही जोडी मनाच्या आणि शरीराच्या संबंधाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटते. मागील दोन शतकांत हा संबंध प्रयोगशाळेत तपासला गेला, आणि आश्चर्य असे की त्या तपासात सर्वांत महत्त्वाची साक्ष हृदयाने किंवा मेंदूने दिलेली नाही. ती पोटाने दिली आहे.

तसे पाहिले तर मराठी भाषेला हे नवीन नाही. भीतीने आपल्या पोटात गोळा उठतो, दुःखाने अन्न गोड लागत नाही, काळजी काळीज कुरतडते, आणि माणूस हाय खातो तीही पोटातच जाते. वैद्यकात ही गोष्ट अधिक नेमकेपणाने आली आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात असे सांगितले आहे की, हितकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण ह्यांमुळे ते पचत नाही. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला चरकाने अग्रस्थान दिले आहे, आणि शोकाने व भयाने येणारे ज्वर निराळे गणले आहेत. परंतु वैद्य हे सांगत होते ते रोग्याकडे बाहेरून पाहून. जिवंत माणसाच्या पोटात डोकावून पाहण्याची सोय कोणालाच नव्हती.

ती सोय एका अपघाताने झाली. उत्तर अमेरिकेत मोठ्या सरोवरांच्या संगमाजवळ मॅकिनॅक नावाचे बेट आहे. तेथे केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचे दुकान होते. ६ जून १८२२ रोजी त्या दुकानात कोणाची तरी बंदूक चुकून उडाली, आणि हातभर अंतरावर उभा असलेला ॲलेक्सिस सेंट मार्टिन हा फ्रेंच-कॅनेडियन नावाडी छर्ऱ्यांनी जबर जखमी झाला. बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली आणि जठराला भोक पडून सकाळी खाल्लेली न्याहारी बाहेर आली. हा रात्र काढणार नाही असे किल्ल्यावरील लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट ह्यांस वाटले; पण सेंट मार्टिन जगला. मात्र जखम भरताना जठराची कड पोटाच्या बाहेरच्या त्वचेला चिकटून बसली आणि भोक तसेच राहिले. पुढे आतील अस्तराची एक घडी त्यावर पडद्यासारखी आली. बोटाने ती दूर सारली की जठराचा अंतर्भाग दिसे.

बोमाँट ह्यांनी १८२५ पासून आठ वर्षांच्या काळात अधूनमधून ह्या खिडकीतून प्रयोग केले. रेशमी दोऱ्याला मांसाचा किंवा भाजीचा तुकडा बांधून तो आत सोडावयाचा, तासातासाने ओढून पाहावयाचा, जठररस काढून बाटलीत अन्नावर घालावयाचा, असा तो क्रम होता. १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अशा २३८ प्रयोगांची नोंद आहे. अन्नाचे पचन हे मुख्यतः रासायनिक कार्य आहे, हे त्या ग्रंथाने पक्के केले. पण त्यातच काही नोंदी निराळ्या आहेत. सेंट मार्टिन संतापलेला असे तेव्हा त्याचे पचन बिघडे आणि जठरात पित्त आलेले दिसे. भय, राग किंवा ज्वर असताना जठराच्या अस्तराचा रंग पालटे. कधी ते लाल व कोरडे, तर कधी फिकट होई. मनाची अवस्था पोटाच्या आत रंगरूपाने उमटते, हे एखाद्या माणसाने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून लिहून ठेवल्याचे हे पहिले मोठे उदाहरण.

सेंट मार्टिन संतापत असे ह्यात नवल नाही. तो गरीब व अशिक्षित होता. आपले पोट दुसऱ्याच्या अभ्यासासाठी उघडे ठेवण्याच्या करारावर त्याला सही करावी लागली, आणि त्या पोटाबरोबर त्याला गावोगाव हिंडावे लागले. एकदा तर तो न सांगताच कॅनडाला निघून गेला आणि तेथे त्याने लग्न करून संसार थाटला. बोमाँट ह्यांनी त्याला शोधून काढून कुटुंबासह परत आणविले. १८८० साली तो मेला तेव्हा वैद्यांनी त्याच्या जठरासाठी मागणी केली. घरच्यांनी प्रेत मुद्दाम काही दिवस तसेच ठेवून, ते कुजल्यावर खूप खोल खड्ड्यात पुरले. शरीरशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव आदराने येते. पण त्या आदरात त्याच्या रागाचे कारण क्वचितच येते.

१८९५ च्या अखेरीस क्ष-किरणांचा शोध लागला आणि पोटात पाहण्यासाठी भोकाची गरज उरली नाही. हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन हा तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता. बिस्मथ मिसळलेले अन्न मांजरांना खाऊ घालून, क्ष-किरणांच्या पडद्यावर जठराच्या हालचाली तो पाहू लागला. जठरावरून एकामागून एक लाटा सरकत जाताना स्पष्ट दिसत. पण काही वेळा, विशेषतः काही मांजरांच्या बाबतीत, ह्या लाटा एकदम थांबत. प्रयोग बिघडला म्हणून दुसरा कोणी चिडला असता. कॅनन ह्यांनी मांजराकडे पाहिले. बांधून ठेवल्यामुळे ते धडपडत होते. ते शांत झाले की लाटा पुन्हा सुरू होत. १८९८ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि नंतर कित्येक वर्षे त्याच्या कारणाचा पाठपुरावा केला.

तो पाठपुरावा १९१५ साली त्यांच्या ग्रंथात एकत्र आला. संकट दिसताच मज्जासंस्थेचा एक विभाग, ज्याला अनुकंपी म्हणतात, जागा होतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात सुटते. नाडी जलद होते, रक्तात साखर वाढते, रक्त लवकर गोठू लागते, आणि स्नायूंना अधिक रक्त मिळावे म्हणून पोटाकडील रक्त कमी केले जाते. शत्रू वेशीवर आला असता शहाणा राजा कालव्यांचे खोदकाम थांबवून मजूर तटावर पाठवितो, तसाच हा प्रकार आहे. पचन, वाढ, डागडुजी ही कामे थोडा वेळ थांबली तर बिघडत नाही. लढणे किंवा पळणे मात्र थांबविता येत नाही. ह्याच ग्रंथात लाळ आटण्याविषयी लिहिताना कॅनन ह्यांनी हिंदुस्थानातील तांदळाच्या दिव्याचा दाखला दिला आहे. काशीच्या न्यायाधीशांनी वर्णन केलेला तो विधी सव्वाशे वर्षांनी अशा रीतीने शरीरशास्त्राच्या ग्रंथात जाऊन बसला.

परंतु शत्रू वेशीवरून हटतच नसेल तर? कालवे दहा वर्षे खोदलेच नाहीत तर? हा प्रश्न पुढे आणला हान्स सेल्ये ह्यांनी. सेल्ये १९०७ साली व्हिएन्नात जन्मले; प्रागमध्ये त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. विद्यार्थी असताना रुग्णांना पाहून त्यांच्या मनात एक साधी गोष्ट आली होती. रोग कोणताही असो, सर्व रोगी काही बाबतींत सारखेच दिसतात: अंग दुखते, भूक जाते, वजन घटते, चेहरा उतरतो. प्राध्यापक वेगळेपण शिकवीत होते, आणि ह्या विद्यार्थ्याला सारखेपणा दिसत होता. पुढे कॅनडात माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठात ते एका नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना निरनिराळे अर्क टोचीत होते. अर्क टोचलेल्या उंदरांत तीन बदल आढळले: अधिवृक्क ग्रंथींची साल फुगली, थायमस व लसिका ग्रंथी आकसल्या आणि जठरात व्रण पडले. नवे संप्रेरक सापडले असा आनंद फार टिकला नाही, कारण फॉर्मॅलिन टोचले तरी तेच तीन बदल झाले. थंडीत ठेवले तरी तेच, दमेपर्यंत पळविले तरी तेच. एखाद्याने हा प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. सेल्ये ह्यांनी हीच गोष्ट शोधाची आहे असे मानले आणि ४ जुलै १९३६ च्या 'नेचर' नियतकालिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. आघात कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद ठरावीक असतो. प्रथम धोक्याची घंटा, मग प्रतिकार, आणि आघात चालूच राहिला तर थकवा व मृत्यू, असा त्याचा आशय होता.

ह्या प्रतिसादाला त्यांनी पुढे स्थापत्यशास्त्रातील एक शब्द लावला, तोच आज जगभर रूढ आहे. मराठीने त्यासाठी 'ताण' हा शब्द घेतला. तो अधिक बोलका आहे असे म्हणण्यास हरकत नाही, कारण तार ताणल्यावाचून वाजत नाही आणि फार ताणली तर तुटते, हे दोन्ही त्यात येते. सेल्ये ह्यांचे कार्य मोठे असले तरी एक गोष्ट सांगणे भाग आहे. तंबाखूच्या व्यवसायाकडून त्यांनी संशोधनासाठी पैसा घेतला, आणि १९६९ साली कॅनडाच्या संसदीय समितीपुढे साक्ष देताना, ताण हलका करण्याचे साधन म्हणून धूम्रपानाची बाजू मांडली. ताणाच्या सिद्धांताचा असाही उपयोग होऊ शकला.

आता पुन्हा पोटाकडे येऊ. १९४१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये स्ट्यूअर्ट वुल्फ आणि हॅरल्ड वुल्फ ह्या दोन वैद्यांना दुसरा सेंट मार्टिन सापडला. ग्रंथात त्याला 'टॉम' एवढेच म्हटले आहे. १८९५ साली, नऊ वर्षांचा असताना, त्याने चुकून कढत रस्सा गिळला आणि अन्ननलिका भाजून कायमची बंद झाली. शल्यवैद्यांनी त्याच्या पोटाला भोक पाडून दिले. पुढील सारे आयुष्य तो अन्न चावून चव घेई आणि मग नळीवाटे जठरात सोडी. ही गोष्ट त्याने लोकांपासून लपवून ठेवली होती. ह्या दोघा वैद्यांनी त्याला प्रयोगशाळेतच झाडलोटीचे व सटरफटर काम दिले आणि रोज सकाळी त्याच्या जठराच्या अस्तराचा रंग, आम्लाचे प्रमाण व रक्ताचा पुरवठा ते मोजू लागले.

एके सकाळी असे मापन चालू असता एक डॉक्टर रागाने आत शिरले आणि शिव्या देत खणामागून खण उघडू लागले. त्यांचे काही कागद सापडत नव्हते. आदल्या दिवशी खोली आवरताना ते कागद टॉमनेच कोठेतरी ठेवले होते. आता आपली नोकरी जाणार असे त्याला वाटले. तो निश्चल बसून राहिला, चेहरा पांढराफटक पडला. त्याच वेळी जठराचे अस्तरही पांढरे पडले. लाली मोजण्याच्या त्यांच्या पट्टीवर ती नव्वदावरून विसावर उतरली. पाच मिनिटांनी डॉक्टरांना कागद सापडले, ते निघून गेले आणि अस्तराला हळूहळू पूर्वीचा रंग आला. दुसऱ्या एका प्रसंगी, कामात हलगर्जी केल्याचा ठपका येऊन टॉम मनातल्या मनात जळत होता, तेव्हा उलट प्रकार घडला. अस्तर लालबुंद झाले आणि आम्ल वाढले. भीती व खिन्नता पोट फिकट करीत, राग व अपमान ते पेटवीत. १९४३ साली ह्या निरीक्षणांचा ग्रंथ निघाला.

टॉमच्या गोष्टीवरून पुढील पिढीने एक मोठी उडी मारली. रागाने आम्ल वाढते, आम्लाने अस्तर झिजते, तेव्हा जठरव्रण, म्हणजे लोक ज्याला अल्सर म्हणतात तो, मनाच्या जळजळीचाच रोग होय, असे ठरून गेले. पुरावेही जमू लागले. १९४० साली लंडनवर जर्मन बाँबहल्ले चालू असताना तेथील इस्पितळांत अल्सर फुटून आलेल्या रोग्यांची संख्या वाढल्याचे दोन वैद्यांनी दाखवून दिले. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर ह्यांनी तर, वरून कर्तबगार दिसणाऱ्या पण आतून कोणीतरी आपला सांभाळ करावा अशी लहान मुलासारखी ओढ असलेल्या माणसास अल्सर होतो, असा सिद्धांत मांडला. आणि १९५८ साली जोसेफ ब्रॅडी ह्यांची माकडे गाजली. माकडांच्या जोड्या करून एकाच्या हाती खटका दिलेला असे. त्याने तो वेळेवर दाबला तर दोघांनाही विजेचा धक्का बसत नसे. खटका सांभाळणारी 'साहेब' माकडे अल्सरने मेली, आणि शेजारची नुसती बसून असणारी माकडे ठणठणीत राहिली. मोठ्या पगाराच्या, जबाबदारीने वाकलेल्या साहेबांना ही गोष्ट फारच आवडली. अल्सर ही जणू कर्तृत्वाची मुद्राच ठरली.

ज्याच्या पोटात दुखत होते त्याच्या वाट्याला मात्र वेगळेच आले. चिंता सोडा, स्वभाव बदला, तिखट बंद करा, दूध प्या. नाहीच भागले तर जठराचा तुकडा कापून काढावयाचा किंवा त्याकडे जाणारी नस तोडावयाची. वर्षानुवर्षे हेच चालले. व्रण परत आला की रोग्यानेच काही तरी मनाला लावून घेतले असणार, हे ठरलेले. तांदूळ कोरडे पडले, तेव्हा हा चोर; व्रण पडला, तेव्हा हा कुढा.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रोगनिदानतज्ज्ञ रॉबिन वॉरन ह्यांना १९७९ साली सूज आलेल्या जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्राकार जंतू दिसले. जठरातील तीव्र आम्लात जंतू राहूच शकत नाहीत अशी त्या वेळी समजूत होती. बॅरी मार्शल हे तरुण वैद्य त्यांस येऊन मिळाले. जंतू प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. १९८२ च्या एप्रिलात ईस्टरची सुट्टी आली आणि बशा दोन दिवसांऐवजी पाच दिवस उबदार पेटीत राहिल्या. उघडून पाहतात तो जंतूंची वाढ झालेली. ह्या जंतूचे आजचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. वैद्यकीय जगाने ह्याकडे प्रथम संशयाने पाहिले. १९८४ साली मार्शल ह्यांनी ह्या जंतूंचा काढा स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांतच त्यांना मळमळ व वांत्या सुरू झाल्या, आणि दहाव्या दिवशी तपासणीत त्यांच्या जठराला सूज आलेली व त्यात तेच जंतू असलेले दिसले. पुढे जंतुनाशक औषधांनी अल्सर बरा होतो आणि बहुधा परतत नाही हे सिद्ध झाले. १९९४ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने तसेच उपचार करण्याची शिफारस केली. २००५ साली वॉरन व मार्शल ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी जे जाते त्यासाठी लक्षावधी लोकांनी आपल्या स्वभावाला दोष दिला होता.

तेव्हा कित्येकांनी दुसऱ्या टोकाला उडी मारली. मनाचा पोटाशी काही संबंधच नाही, सारे जंतूंचे काम, असे ते म्हणू लागले. पण हा निवाडाही टिकला नाही. हा जंतू जगातील सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात वस्ती करून असल्याचा अंदाज वर्तविला गेला आहे. आणि त्यांपैकी बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही. मग ज्यांना होतो त्यांनाच का होतो? वेदनाशामक गोळ्या, तंबाखू, जंतूची जात ही कारणे आहेतच. परंतु १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमध्ये कोबे शहराच्या परिसरात भूकंप झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत रक्तस्राव होणाऱ्या जठरव्रणांचे प्रमाण वाढलेले तेथील वैद्यांना आढळले. जंतू भूकंपाबरोबर आले नव्हते. ते आधीपासूनच होते. डेन्मार्कमधील हजारो लोकांची वर्षानुवर्षे पाहणी करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, जंतू असो वा नसो, आयुष्यात अधिक ताण असणाऱ्यांना अल्सरचा धोका अधिक आढळला. लंडनच्या वैद्यांनी १९४० साली पाहिले होते ते खोटे नव्हते.

इतिहासाच्या अभ्यासकांनाही ही गोष्ट उपयोगी पडावी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव व सदाशिवरावभाऊ गेले, आणि २३ जून रोजी नानासाहेब पेशव्यांनी पुण्यास पर्वतीवर देह ठेवला. त्यांनी पानिपताची हाय खाल्ली, असे लोक म्हणत आले. त्यांची प्रकृती पानिपतापूर्वीच खालावलेली होती, असे इतिहासकार दाखवितात. ह्या दोन म्हणण्यांत एकच निवडले पाहिजे असे नाही. आधीच पोखरलेल्या शरीरावर शोकाचा घाला पडला असता ते शरीर लवकर कोसळते, ह्याला आज प्रयोगाचा आधार आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, इंग्लंडमधील प्रयोगांत शेल्डन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात पडशाचे विषाणू सोडले, तेव्हा ज्यांच्या आयुष्यात ताण जितका अधिक, तितका त्यांना लागण होण्याचा संभव अधिक आढळला. विषाणू तर ह्या सर्वांनाच दिले होते.

पण ताण कोणाला अधिक? ब्रॅडींच्या माकडांनी दिलेले उत्तर प्रथम तपासले ते जे वाइस ह्यांनी, उंदरांवर. १९६८ पासून पुढे काही वर्षे त्यांनी हे प्रयोग केले. एका उंदराला चाक फिरवून धक्का टाळता येई. दुसऱ्याला तेवढेच धक्के बसत, पण टाळणे त्याच्या हाती नसे. व्रण अधिक पडले ते ह्या दुसऱ्या, हातात काहीच नसलेल्या उंदरांना. मग माकडांचे काय? ब्रॅडी ह्यांनी खटका हाती देण्यासाठी माकडे चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. जी आधीच्या चाचणीत भराभर खटका दाबीत, तीच त्यांनी 'साहेब' केली होती. स्वभावतःच अधिक चंचल असलेली माकडे मेली, आणि दोष जबाबदारीवर आला.

माणसांच्या बाबतीत हाच हिशेब लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत झाला. व्हाइटहॉल ह्या कचेऱ्यांच्या रस्त्याच्या नावाने तो अभ्यास ओळखला जातो. १९६७ पासून सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांच्या प्रकृतीच्या नोंदी तेथे घेतल्या गेल्या. मायकेल मार्मट व त्यांचे सहकारी ह्यांनी त्या तपासल्या, तेव्हा वरच्या साहेबांपेक्षा अगदी खालच्या श्रेणीतील निरोपे व दरवान ह्यांचे मृत्युमान सुमारे तिप्पट आढळले. मधल्या श्रेणी मधेच होत्या; जिन्याच्या प्रत्येक पायरीला फरक होता. ह्यांतील कोणी उपाशी नव्हता आणि औषधोपचार सर्वांना सारखाच उपलब्ध होता. धूम्रपान, रक्तदाब, रक्तातील स्निग्धता हे सर्व वजा केले तरी फरकाचा मोठा भाग शिल्लक राही. म्हणून १९८५ पासून दुसरी पाहणी सुरू झाली, तीत स्त्रियाही होत्या. आपले काम केव्हा आणि कसे करावयाचे ह्यावर ज्यांचा स्वतःचा ताबा सर्वांत कमी, त्यांना हृदयविकार अधिक, असे तीत दिसून आले. २००४ साली बावन्न देशांतील, आपल्या देशासह, हृदयविकाराच्या रोग्यांची जी तुलनात्मक पाहणी झाली, तिचे प्रमुख केरळात जन्मलेले सलीम युसुफ हे होते. त्या पाहणीतही हृदयविकाराच्या नऊ मुख्य कारणांत मनावरील ताण गणला गेला.

न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत झाडलोट करणारा टॉम हाही अशाच शेवटच्या पायरीवरचा नोकर होता. रागावलेल्या डॉक्टरांना कागद सापडले, म्हणून त्याच्या पोटाची लाली पाच मिनिटांत परत आली.